कॉफी देणारी अकरा घरं

मला राग लवकर येतो, आणि आला की लवकर जात नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. माझ्या चपलांच्या आवाजावरून वर्गातल्या मुलींना कळायचं, आज कोणाची धडगत नाही. त्यामुळे आमच्या चर्चच्या मंडळीने नवीन मंडळी कुठे आणि कोणाबरोबर सुरू करायची हे ठरवायला समिती नेमली आणि तीत माझं नाव घातलं, तेव्हा मला नवलच वाटलं. नंतर कळलं की माझ्या अकलेसाठी मला घेतलंच नव्हतं. मला मराठी येतं, म्हणून घेतलं होतं.

मी तंजावूरचीच. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरात जन्मले. त्या गल्ल्यांत अजूनही घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ चालतं. सव्विसाव्या वर्षी मी एका तमिळ ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं, दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला, आणि वडिलांनी ते मरेपर्यंत मला दार उघडलं नाही. नवऱ्याची नोकरी मिरजेला होती. तिथे नऊ वर्षं काढली, तिथेच मराठी लिहायला-वाचायला शिकले. आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारं माणूस शोधावं लागतं. हे जे मी लिहिते आहे ते माझ्या थोरल्या भावाला वाचता येणार नाही, आणि ते बरंच आहे. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. आता मी, माझा राग आणि रविवारची उपासना, एवढंच उरलंय.

समितीत आम्ही चौघं. पाळक, म्हणजे आमचे पास्टर, तरुण, बेंगळुरूला शिकून आलेले, आवाज गोड. दोन वडील. हे वय नव्हे, आमच्याकडचं पद. त्यातले एक बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, दुसऱ्यांचं टायरचं दुकान. चौथी मी. पाळकांनी एक फॉर्म छापून आणला होता. त्यांच्या शिक्षणात शिकवलं होतं म्हणे, की नव्या जागी गेल्यावर आधी 'शांतीचं घर' शोधायचं. येशूने शिष्यांना पाठवताना सांगितलं होतं ना, जे घर तुम्हांला आत घेईल तिथेच राहा, वाढतील ते खा, त्यावरून. फॉर्मवर तीन प्रश्न होते. बसा म्हणाले का. काही खायला-प्यायला दिलं का. प्रार्थना करा म्हणाले का. तिन्हींपुढे खूण झाली की देवाने ते दार उघडलं असं समजायचं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बेंगळुरूत हा फॉर्म चालत असेल. तंजावुरात कॉफी न देता माणसाला परत पाठवणं हेच मुळात अवघड. वीज तोडायला आलेल्या माणसालाही आमच्या गल्लीत आधी कॉफी देतात, मग त्याच्याशी भांडतात. पण पाळक इतक्या उत्साहाने समजावत होते, की मी म्हटलं, जाऊ दे, आपल्याला काय.

पहिल्या शनिवारी आम्ही माझ्याच गल्लीत गेलो. त्या गल्लीची कल्पना मॅनेजरसाहेबांची. मराठी घरं, शिकलेली माणसं, कॉलेजात शिकवणारे, सरकारी नोकरीतले. 'इथे अजून कोणी पोचलेलंच नाही,' ते म्हणाले. मी पोचले होते आणि मला घराबाहेर काढलं होतं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. चौदा घरं हिंडलो. अकरा घरांनी बसवून कॉफी दिली. पाळक प्रत्येक दारातून बाहेर पडताना फॉर्मवर खूण करायचे आणि हळूच 'देवाची स्तुती असो' म्हणायचे.

सातवं की आठवं घर माझ्या भावाचं. म्हणजे माझंच म्हणा, मी तिथेच वाढले. भाऊ लुंगी सावरत बाहेर आला, मला बघून क्षणभर थबकला, आणि म्हणाला, 'ये की. बसा हो सगळे. काफी घेऊन जा.' वहिनी आत गेली. आमच्या घरात कॉफी नेहमी स्टीलच्या पेल्यातून आणि त्याखालच्या पसरट वाटीतून, डवऱ्यातून येते, वरून ओतून फेस काढलेली. त्या दिवशी ती कागदी कपांतून आली. चौघांना चार कागदी कप. घरात सोळा पेले असताना. आम्ही गल्लीत शिरलोय हे कोणीतरी आधीच फोन करून कळवलं असणार, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ते कप मागवले असणार. का, तर आमचं उष्टं घासायला नको. प्यायचं, चुरगाळायचं आणि बाहेरच्या डब्यात टाकायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळकांना वाटलं, काय आधुनिक घर आहे. त्यांनी खूण केली.

मग वहिनी पाळकांना म्हणाली, मुलाच्या जर्मनीच्या व्हिसासाठी प्रार्थना करा. तिने त्याच व्हिसासाठी समयपुरमच्या देवीला नवस केला होता, वेळांकण्णीला मेणबत्ती लावली होती आणि नागूरच्या दर्ग्यात चादर पाठवली होती. मला माहीत होतं, कारण गल्लीतली एक जुनी मैत्रीण मला सगळं सांगते. पाळकांनी डोळे मिटून अशी प्रार्थना केली की भावाच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिसरी खूण झाली. भाऊ मला दारापर्यंत सोडायला आला, तेव्हा मराठीत म्हणाला, 'दुसऱ्या वेळेस एकटी ये ग. इतक्या लोकांस घेऊन नको.'  एकटी गेले की तो बाहेरच्या ओट्यावरूनच निरोप देतो, हे त्याला आठवत नसावं.

पुढच्या शनिवारी आम्ही ओरत्तनाडूला गेलो, टायरवाल्या वडिलांच्या गाडीतून. ती जागा मी सुचवली होती. तिथे एक बाई आहे, शेतात मजुरी करते, लावणीच्या दिवसांत दिवसभर कमरेत वाकून चिखलात. तिचा नवरा नारळ उतरवायचा. सहा वर्षांपूर्वी झाडावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तंजावूरच्या सरकारी दवाखान्यात तो तीन महिने होता. मी तेव्हा दर गुरुवारी वॉर्डात प्रार्थनेला जायची, तिथे ओळख झाली. दोघांनी येशूवर विश्वास धरला तो तिथेच, खाटेला टेकून. एकदा त्याला टेम्पोत खाटेसकट घालून गावातल्या चर्चमध्ये नेलं, तर उपासना सोडून सगळे खाटेकडेच बघत राहिले. तेव्हापासून तो घराबाहेर पडायला तयार नाही. बरं व्हायची आशा त्याने कधीच सोडली होती. तो मला एकच गोष्ट सांगायचा, 'टीचरम्मा, मला माणसांत बसून गाणं ऐकायचंय. माणसं इथे आली तर.' त्याच्या अंगणात चार माणसं जमून मंडळी सुरू व्हावी, एवढंच त्या दोघांचं मागणं होतं. दर महिन्याला ती बाई फोन करून विचारायची.

छत्रमच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या पुढे कालवा लागतो आणि कालव्यापलीकडे त्यांची कॉलनी. तमिळनाडूत खेड्याबाहेरची कॉलनी म्हटली की ती दलितांचीच, ते विचारावं लागत नाही. बाईने शेजारच्या तीन घरांतून चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. अंगण शेणाने सारवलेलं. नवरा आतल्या खाटेवर पडून होता, दार उघडं ठेवलेलं, म्हणजे त्याला आम्ही दिसू. आम्ही बसलो. ती उभी राहिली. मी तिला बस म्हटलं, तरी ती उभीच राहिली. पाळकांनी चौकशी केली, किती घरं, किती जण प्रार्थनेला येतील. आठ-दहा बायका येतील, ती म्हणाली. उन्हाळ्याचे दिवस, अकराची वेळ, पाळक रुमालाने मान पुसत होते. पाणी काही आलं नाही. कॉफी तर नाहीच. अर्धा तास झाला, एक तास झाला. पाळकांनी प्रार्थना केली, 'आम्ही कळवतो' म्हणाले आणि उठले.

गाडीत बसल्यावर त्यांनी फॉर्म काढला आणि दुसऱ्या प्रश्नापुढे फुली मारली. दिलगिरीनेच मारली, खोटं कशाला सांगू.

मॅनेजरसाहेब म्हणाले, 'ओढ आहे त्यांना. पण घर तयार नाही अजून.'

मी पुढच्या सीटवरून मागे वळले. 'साहेब, तिने पाणी का नाही दिलं माहीत आहे? तिच्या बापजन्मात तुमच्या-आमच्यासारखं कोणी तिच्या घरचं पाणी प्यायलेलं नाही. तिने तांब्या पुढे केला असता आणि तुम्ही नको म्हटलं असतं, तर नवऱ्यादेखत तिचं तोंड काळंठिक्कर पडलं असतं. म्हणून नाही दिलं. तुमची अब्रू राखली तिने.'

'आपण ख्रिस्ती आहोत, टीचर,' ते म्हणाले. 'आपल्यात तसलं काही नाही.'

'नाही ना? मग तुमच्या मुलीच्या लग्नाच्या जाहिरातीत जात कशाला छापली होती? ख्रिस्ती मुलगा हवा, आणि पुढे जात. मी वाचली होती ती.'

 टायरवाले वडील हॉर्न वाजवत राहिले, समोर रस्ता मोकळा असताना. मला बरं वाटत होतं, उगाच का नाकारू. चांगली झोंबली, असं वाटत होतं. मग मॅनेजरसाहेब, अगदी शांतपणे, आवाज न चढवता म्हणाले, 'तुम्ही मागितलंत का पाणी?'

मी मागितलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, मला तहान लागली तेव्हा मी पर्समधून माझी बाटली काढली होती आणि त्या अंगणात, त्या खुर्चीवर बसून, तिच्यासमोर घटाघटा प्यायले होते. सहा वर्षांच्या ओळखीत मी तिच्या घरी तीनदा गेले होते, आणि तिन्ही वेळा बाटली घेऊन. डॉक्टरने बाहेरचं पाणी नको सांगितलंय, असं मी स्वतःला सांगत असे. भावाच्या ओट्यावर मी नळाचं पाणी पिते. मी पुढे तोंड करून बसले ते तंजावूर येईपर्यंत.

समितीची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत झाली. पाळकांनी फॉर्म मांडले. गल्लीला जास्त खुणा, कॉलनीला कमी. वर मॅनेजरसाहेबांनी एक मुद्दा मांडला, की कॉलनीत आधी सुरू केलं तर गल्लीतले लोक कधीच येणार नाहीत, आणि गल्लीत आधी केलं तर कॉलनीतले नंतरही येऊ शकतात. हे त्यांनी इतकं समजूतदारपणे सांगितलं की टायरवाल्या वडिलांनी मान डोलावली. पाळकही विचारात पडले आणि मग त्यांनीही डोलावली. मी भांडले. फॉर्म फाडून फेकावा म्हटलं, कॉफीचा आणि देवाचा काडीचा संबंध नाही म्हटलं, त्या अकरा घरांतलं एक माणूस आलं तर नाव बदलीन म्हटलं. पण जोर नव्हता माझ्या भांडणात. त्या बाटलीनंतर नव्हताच. तिघं एका बाजूला, मी एका बाजूला, निर्णय झाला.

'टीचर, त्यांना तुम्हीच सांगा,' पाळक म्हणाले. 'तुमच्या ओळखीचे आहेत. म्हणावं, दोन वर्षं थांबा. प्रेमाने सांगा.'

हो म्हटलं मी. आणि सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, फोनवर कसं सांगायचं, जाऊन सांगू, गुडघा दुखतोय, ऊन फार आहे. तिचा फोन आला की मी घेत नसे. सगळ्यांवर दात खाणारी मी, एका बाईला एक वाक्य सांगायचं तर तोंडाला कुलूप.

राजवाड्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेतला. लाल खुर्च्या, एक पोडियम, भिंतीवर मराठीत आणि तमिळमध्ये फलक. मराठी फलक मीच लिहिला, तो मलाच वाचता येत होता. पहिल्या रविवारी अकरा घरांतलं कोणी आलं नाही. आम्हीच आठजण, जुन्या मंडळीतले, आपापसांत गाणी म्हणून घरी गेलो. दुसऱ्या रविवारी भाऊ स्कूटरवरून खालून गेला, मी खिडकीतून बघितलं. त्याने वर बघितलं आणि वेग वाढवला. पाळक म्हणायचे, वेळ लागतो. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, वेळ लागतच होता.

सातव्या रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी मॅनेजरसाहेब म्हणाले, आपण शेवटी कॉफी ठेवू या का, तेवढ्यासाठी तरी लोक येतील. आणि पिशवीतून त्यांनी कागदी कपांची एक चळत काढून टेबलावर ठेवली.

मी उठले. पाळक पहिलं गाणं सांगत होते, त्यांच्यासमोरून चालत गेले, जिना उतरले आणि रिक्षा करून बसस्टँडवर गेले. पर्स वर टेबलाखालीच राहिली होती. तिकिटाला कमरेच्या रुमालात पैसे होते तेवढे पुरले. ओरत्तनाडूपर्यंत मी उभी होते आणि सगळा वेळ मनात भाषण तयार करत होते. त्यांनी असं केलं, त्यांनी तसं केलं, मी किती भांडले. चांगलं भाषण होतं.

कालवा ओलांडून गेले तर बाई अंगणात भांडी घासत होती. मला बघून उठली, हात पुसले.  मीच म्हटलं, 'पाणी दे ग मला.'

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन पेल्यात पाणी आणलं. मी पेला ओठाला लावून सगळं प्यायले, वरून ओतून नाही. मनात कुठेतरी वाटत होतं की आता हिला कळेल, आता हिचे डोळे भरतील. रिकामा पेला परत घेत ती म्हणाली, 'बाटली विसरलात का, टीचरम्मा?'

कुत्सितपणे नव्हतं विचारलं. खरंच विचारलं होतं, काळजीने. माझं ते चांगलं भाषण तिथेच संपलं.

आत गेले. तो खाटेवर उताणा पडला होता. दाढी गुळगुळीत केलेली, गालावर एके ठिकाणी ब्लेड लागलेलं. केसांना तेल. अंगात पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, इस्त्रीची घडी दिसत होती. कमरेला धुतलेली वेष्टी, लुंगीसारखी नेसवलेली. घरात पडून असलेल्या माणसाला हे कपडे कशाला, म्हणून मी तिच्याकडे बघितलं.

'दर रविवारी,' ती म्हणाली. 'पाळक म्हणाले होते ना, कळवतो. कळवायच्या आधीच आले तर, असं हा म्हणतो. सकाळी उठवून दाढी करायला लावतो. बारा वाजले की काढून ठेवते.'

मी मनात मोजलं. तेव्हापासूनचे सगळे रविवार मोजले.

'आले का ते?' त्याने खाटेवरून विचारलं. मान वळवून तो दाराकडे बघायचा प्रयत्न करत होता.

'नाही,' मी म्हटलं. 'ते येणार नाहीत. त्यांनी दुसरीकडे सुरू केलं. बैठकीत ठरलं तेव्हाच ठरलं होतं. तुम्हांला सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी सांगितलं नाही. फोन येत होते, मी घेतले नाहीत.'

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. राग मला कळतो. तो छताकडे बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, 'शर्ट काढ.'

ती वाकली आणि गळ्याजवळचं पहिलं बटण सोडलं. दुसऱ्यावर हात गेला, तेव्हा मी तिचं मनगट धरलं.

'राहू दे,' मी म्हटलं. 'सुरू करू या.'

'पाळक?' त्याने विचारलं.

'नाहीत.'

'कोण आहे मग?'

'ही आहे. तू आहेस. मी आहे. तिला शेजारणींना हाक मारू दे. गाणं मी सांगते. आवाज वाईट आहे माझा.'

बाईने सोडलेलं बटण परत लावलं आणि अंगणात जाऊन हाका मारल्या. एका घरातून कोणी आलंच नाही. बाकीच्यांतून तीन बायका आल्या, एक म्हातारी आली, आणि दारातच उभ्या राहिल्या. त्याने त्यांच्याकडे एकेक करून बघितलं. बसतं केलं की त्याच्या पाठीत आग होते, हे मला दवाखान्यापासून माहीत आहे. जेवतानासुद्धा तो पडूनच जेवतो.

'टीचरम्मा,' तो म्हणाला, 'मला बसवा.'

मी एका काखेत हात घातला, तिने दुसऱ्या. त्याचे दात एकमेकांवर करकरले, कपाळावर घाम फुटला, शर्ट पाठीला चिकटला. आम्ही उशा लावल्या, पण तो टेकला नाही. खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरून बसला आणि म्हणाला, 'म्हणा.'